तसराळ्यातलं स्वच्छ पाणी

१

ज्या सकाळी फौजदारांचा उजवा हात कापायचा होता, त्याच सकाळी कापणाऱ्याचा गळा कापलेला सापडला.

फौजदार इस्पितळाच्या पायऱ्या चढत होते ते इतर पेशंटांसारखेच, म्हणजे जीव मुठीत धरून. त्यांची मूठ मात्र मिटत नव्हती. गेल्या आठवड्यात गोदामात एका दरोडेखोराला धरताना त्यानं पोती ओढायचा लोखंडी आकडा त्यांच्या तळहातातून आरपार काढला होता. आकडा निघाला, दरोडेखोर आत गेला, पण हात फुगून भोपळा झाला आणि मनगटावरून एक तांबडी रेघ कोपराकडे सरकायला लागली.

शहरातले सगळ्यांत नावाजलेले सर्जन म्हणजे थोरले डॉक्टर. आदल्या दिवशी त्यांनी हात बघितला आणि चक्क खूश झाले. "पू छान धरलाय. पण रेघ वर चढायच्या आत कोपराखाली उडवू. उद्या उपाशीपोटी या."

त्यांच्या मागे नुकतेच परदेशातून शिकून आलेले धाकटे डॉक्टर उभे होते. ते हळूच म्हणाले होते, "चिरा देऊन कार्बोलिकनं, जखम सडू न देणाऱ्या औषधानं धुतला, तर हात वाचेल."

थोरले सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं हसले. "यांना धोबी व्हायचं होतं, चुकून डॉक्टर झाले."

फौजदारांना त्या वाक्यातला विनोद कळला नाही, 'हात वाचेल' एवढंच कळलं. उजव्या हातानं ते लिहीत, जेवत, गुन्हेगाराची गचांडी धरत. तो हात गेला की नोकरीही जाणार आणि उरलेला जन्म बायकोच्या हातून घास घ्यायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायको म्हणाली होती, "हात गेला तर जाऊ द्या, तुम्ही राहा म्हणजे झालं." तिचं म्हणणं खरं होतं आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं होतं.

ते वरच्या मजल्यावर पोचले तोच ऑपरेशनच्या खोलीतून किंकाळी आली आणि कंपाउंडर धडपडत बाहेर आला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते.

खोलीत थोरले डॉक्टर लाकडी टेबलाला पाठ टेकून, पाय पसरून बसले होते. एका कानाखालून दुसऱ्या कानापर्यंत गळा उघडा पडला होता. मान मागे कलल्यामुळे आतली नळी पांढरी दिसत होती. रक्ताची चिळकांडी भिंतीवर छताजवळ पोचून तिथून ओघळली होती. अंगात त्यांचा तो प्रसिद्ध काळा कोट होता. तो त्यांनी कधी धुतला नव्हता. जुन्या रक्ताच्या थरांनी तो इतका कडक झाला होता की जमिनीवर ठेवला तर माणसासारखा उभा राहील, असं हाताखालची शिकाऊ पोरं म्हणत. कोट जितका कडक तितका सर्जन जुना, अशी त्या पिढीची ऐट. आता त्या कोटानं शेवटचं ताजं रक्तही पिऊन घेतलं होतं.

फौजदार आपला हात विसरले. आठवडाभरात पहिल्यांदाच विसरले.

२

मागोमाग हवालदार आला. हा आडदांड, इमानी माणूस. तपास म्हणजे कोणाला तरी बदडायचं, अशी त्याची साधी सोपी समजूत होती.

"साहेब, तुम्ही बसा. मी बघतो."

"तू काही बघू नकोस. दारात उभा राहा," फौजदार म्हणाले आणि स्वतः बघायला लागले.

थोरल्यांच्या शेजारी, हात लांबवला तर पोचेल अशी, त्यांच्या हत्यारांची मखमली पेटी उघडी पडली होती. काळ्या लाकडी मुठींच्या सुऱ्या, करवत, सगळं जागच्या जागी आणि कोरडं. खून झाला होता तो दुसऱ्याच सुरीनं. ती जमिनीवर पडली होती, मुठीसकट अखंड पोलादाची. तसली हत्यारं धाकट्यांची. ती खोलीच्या पलीकडच्या टोकाला, कार्बोलिकनं भरलेल्या काचेच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवलेली असत. ट्रेपासून प्रेतापर्यंत फरशीवर थेंबांचे डाग होते. त्यांना डांबरासारखा उग्र वास येत होता.

खिडकीशी लोखंडी तिवईवर हात धुवायचं पांढरं तसराळं होतं. त्यातल्या पाण्यालाही तोच वास. शेजारी ओला ब्रश, दमट टॉवेल. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ. टॉवेलावर लालीचा ठिपका नाही.

दाराच्या पितळी मुठीवर मात्र रक्ताचा अख्खा पंजा उमटला होता, आतल्या बाजूनं.

"घाव बघा साहेब," हवालदार दारातून म्हणाला. "एकच. खाटकालासुद्धा असा जमायचा नाही."

फौजदारांनी मान हलवली. मनातल्या मनात ते म्हणाले, सुरी धाकट्यांची आहे. सगळं शहर आता एकच नाव घेणार. त्या नावाला फास लागला, की आपला हात वाचवणारा या गावात दुसरा कोणी नाही.

हा विचार मनात आला त्याची त्यांना लाज वाटली. पण लाजेनं विचार थोडाच जातो?

३

धाकटे डॉक्टर बायकांच्या वॉर्डात एका खाटेशी बसले होते. खाटेवर लोहाराची मुलगी होती. गाडीखाली सापडून तिच्या नडगीचं हाड मांसातून बाहेर आलं होतं. तसलं हाड बाहेर आलं की पाय कापायचा, आणि पाय कापला की निम्मे पेशंट दगावायचे, असा इस्पितळाचा रिवाज. धाकट्यांनी भांडून तो पाय ठेवला होता, रोज कार्बोलिकची पट्टी बांधली होती, आणि पाय भरून येत होता. लोक मुद्दाम बघायला यायचे. आज मात्र ती तापानं भाजत होती. पट्टीतून गोडसर, कुजका वास येत होता.

"कंपाउंडर ओरडला तेव्हा तुम्ही कुठं होता?" फौजदारांनी विचारलं.

"इथंच." धाकट्यांनी मान वर केली नाही. "हिच्याजवळ."

"खोलीतली सुरी तुमची आहे."

"असेल. माझ्या सुऱ्या उघड्यावरच असतात, कोणीही घ्यावी." मग ते उठले, कोपऱ्यातल्या बादलीत हात घासून घासून धुतले आणि तेव्हाच मुलीच्या पट्टीला हात लावला. त्यांचे हात कार्बोलिकनं पांढरे पडले होते, बोटांची सालं निघत होती. "तुमची रेघ कुठवर आली? दाखवा. कोपराला टेकायला आली की. आज दुपारी चिरा द्यायलाच हवा. आज, उद्या नाही."

हा मनुष्य आरोपी असू शकतो आणि माझ्या हाताची काळजी करतोय, याचं फौजदारांना नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

वॉर्डाच्या सिस्टर प्रौढ होत्या, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "डॉक्टर इथंच होते. पहाटे उजाडता उजाडता आले ते हललेले नाहीत. मीही वॉर्ड सोडला नाही, हव्या तितक्या बायका साक्षीला आहेत. पोरीला ताप चढला तसा जीव नुसता टांगणीला लागलाय."

"ऑपरेशनची खोली कोण आवरतं?"

"मीच. काल संध्याकाळी फरशी पुसली, तसराळं पालथं घातलं, टॉवेल घडी करून ठेवला. आज तिकडं फिरकलेसुद्धा नाही." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "एक सांगू? पहाटे डॉक्टरांनी सोडली तेव्हा त्या पोरीच्या पट्टीची गाठ आमच्या पद्धतीची नव्हती. कोणी तरी काल ती सोडून परत बांधली होती. मी विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात."

फौजदारांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. खून गळ्याचा होता, गाठीचं काय घेऊन बसायचं?

इतक्यात मागच्या अंगणातून हवालदाराची हाक आली. "साहेब, इकडं या. सापडला!"

४

अंगणात विहिरीशी एक बादली होती आणि तिच्यातलं पाणी लालभडक होतं. बादलीशेजारी कंपाउंडर उभा होता. हात धुतलेले, पण नखांच्या कडा अजून लाल.

हा कंपाउंडर थोरल्यांचा जुना माणूस. पेशंटच्या तोंडावर क्लोरोफॉर्मचा रुमाल धरायचं काम त्याचं, आणि दिव्याचं स्पिरिट दिव्याआधी आपल्या पोटात घालायची खोडही त्याचीच. हाताला कायमचा कंप. आदल्या दिवशी थोरल्यांनी त्याला स्पिरिट पिताना पकडून सगळ्यांदेखत कानफटात लगावली होती.

"मी मारलं नाही हो साहेब. मी त्यांना उठवायला गेलो. मान धरली तर ती मागं..."

"मग हात धुतलेस कशाला?"

"रक्त लागल्यावर माणूस हात धुणार नाही तर काय करील?"

त्या वाक्यानं फौजदारांच्या डोक्यात एकदम उजेड पडला, निदान त्यांना तसं वाटलं. खुन्याचे हात रक्तानं भरले होते, दाराची मूठ तसं सांगत होती. हातभर अंतरावर तसराळं होतं, टॉवेल होता. तरी पाण्यात रक्ताचा थेंब नाही. म्हणजे खुनी न धुताच गेला. धाकटे डॉक्टर? ते तर पट्टीला बोट लावायच्या आधी चामडी सोलेपर्यंत हात घासणारे. असा माणूस रक्ताचे हात घेऊन, तसराळं ओलांडून निघून जाईल? कालत्रयी नाही. कार्बोलिकची टर उडवणाराच ते तसराळं सोडून विहिरीवर जाईल.

तर्क चोख होता. शिवाय सोयीचा होता, आणि सोयीचा तर्क माणूस कधी उलटून बघत नाही.

"घ्या याला," फौजदार म्हणाले.

हवालदार वाटच बघत होता. त्यानं कंपाउंडरला पहिली लाथ अंगणातच घातली. पेकाटात बसली ती. मग केस धरून विहिरीच्या कठड्यावर तोंड आपटलं, दोनदा. दात पडल्याचा आवाज ऐकू आला. फौजदारांनी "पुरे" म्हटलं खरं, पण जरा उशिरानं म्हटलं.

कंपाउंडरला ओढत नेत असतानाच वरच्या मजल्यावरून बायकांचा आकांत ऐकू आला. लोहाराची मुलगी गेली होती.

५

दुपारी फौजदार ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झाले. सिस्टरनी भिंत आणि दाराची मूठ पुसली होती, पण छताजवळच्या ओघळापर्यंत त्यांचा हात पोचला नव्हता.

"क्लोरोफॉर्म कोण देणार?" धाकट्यांनी विचारलं.

ते काम येणारा एकच माणूस होता आणि तो कोठडीत दात शोधत होता.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," फौजदार म्हणाले. "पट्ट्यानं बांधा आणि सुरू करा."

हवालदारानं छातीवर गुडघा रोवला. सिस्टरनी दंड धरला. तोंडात चामड्याचा तुकडा दिला. भूल नसल्यामुळे फौजदारांना सगळं दिसत होतं. धाकट्यांनी बाह्या वर केल्या, तसराळ्यात पाणी ओतलं, कार्बोलिक मिसळलं, ब्रशनं नखं, बोटं, मनगटं घासली. दमट टॉवेल बाजूला टाकला. मग ट्रेमधून पोलादी सुरी उचलली. पाणी निथळत होतं.

पहिला चिरा तळहातावर, दुसरा मनगटावर. पू उडून हवालदाराच्या मिशीला लागला. मग धाकट्यांनी बोट आत घातलं आणि शिरांच्या मधली सगळी घाण खरवडून काढली. फौजदारांना आपलंच हाड खरवडल्याचा आवाज आतून ऐकू आला. चामड्याचा तुकडा दातांखाली तुटला. शेवटी कार्बोलिक जखमेत ओतलं तेव्हा ते असे ओरडले की खाली रस्त्यावर माणसं थांबली.

पट्टी बांधून झाली. "हात वाचेल," धाकटे म्हणाले. "रोज पट्टी बदलायची. मीच बदलीन, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका."

मग ते वळले आणि चालायला लागले. तसराळं त्यांच्या वाटेवरच होतं. त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. रक्तापुवानं भरलेल्या हातानं दाराची पितळी मूठ फिरवली आणि बाहेर गेले.

फौजदार टेबलावरून मुठीकडे बघत राहिले. तिच्यावर लाल पंजा उमटला होता, आतल्या बाजूनं. आणि तसराळ्यातलं पाणी आरशासारखं स्वच्छ होतं.

६

घरी बायको दूध तापवत होती. दुधाला हात लावायच्या आधी तिनं हात धुतले, नंतर पदराला पुसले. फौजदार बघत राहिले. हात आधी धुणारा वेगळा आणि नंतर धुणारा वेगळा. नंतरचा स्वतःसाठी धुतो. आधीचा दुधासाठी धुतो. त्याला स्वतःच्या हाताला काय लागलं याची फिकीर नसते.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. "हात दुखतोय?"

"हात वाचलाय," फौजदार म्हणाले. "तेच दुखतंय."

ताप अंगात असतानाच ते पुन्हा इस्पितळात गेले आणि सिस्टरना एकच प्रश्न विचारला. "सकाळी धाकटे डॉक्टर वॉर्डात आले तेव्हा त्यांच्या हाताला रक्त होतं?"

"होतं की. आल्या आल्या बादलीत धुतलं, ते पाणी मीच फेकलं, आणि पोरीजवळ बसले."

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. डॉक्टर माणूस, हाताला रक्त नसेल तर काय अत्तर असेल?" एवढं म्हणून सिस्टर थांबल्या. मग तोंडाला पदर लावून त्या खालीच बसल्या.

तिथून ते कोठडीत गेले. कंपाउंडरचा एक डोळा बंद झाला होता, ओठ फाटून लोंबत होता. फौजदार त्याच्यासमोर फरशीवर बसले. "लोहाराच्या मुलीची पट्टी काल कोणी सोडली?"

"थोरल्यांनी," कंपाउंडर बोबडं बोलला. "प्रेतं चिरायच्या खोलीतून ते तसेच वर आले. मी बरोबर होतो. हात कोटाला पुसले, पट्टी सोडली आणि जखमेत बोट घातलं, पार हाडापर्यंत. पोरांना म्हणाले, बघा, यात पू का नाही? पू नाही ती जखम कसली? पोरगी किंचाळत होती हो. मला बघवेना, म्हणून तर मी स्पिरिट प्यालो."

"हे सकाळी का नाही बोललास?"

"मला 'का मारलंस' एवढंच विचारत होते. आणि उत्तर द्यायला तोंड रिकामं नव्हतं."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे डॉक्टर पट्टी बदलायला बसले. ऑपरेशनच्या खोलीत दोघंच होते. हवालदाराला फौजदारांनी मुद्दाम जिन्याखाली ठेवला होता. धाकट्यांनी आधी हात धुतले. मग सुरीनं पट्टी कापायला सुरुवात केली.

"डॉक्टर, मी एक चूक केली," फौजदार म्हणाले. "पाणी स्वच्छ आहे, म्हणजे कोणी हात धुतले नाहीत, असं धरून चाललो. पण सिस्टरनी तसराळं आदल्या संध्याकाळी पालथं घातलं होतं. सकाळी त्यात कार्बोलिकचं पाणी होतं, ब्रश ओला होता, टॉवेल दमट होता. म्हणजे कोणी तरी हात धुतले होते. खुनाआधी."

सुरी थांबली नाही. पट्टीचा एक पदर सुटला.

"थोरले आयुष्यात हात धुणारे नव्हते. कंपाउंडर रक्त लागल्यावर धुतो, आधी नाही. शिवाय त्याला मारायचं असतं तर शेजारी थोरल्यांची पेटी उघडी होती. खुन्यानं ती सोडून खोलीच्या त्या टोकाची, ट्रेमधली सुरी घेतली, किंवा ती आधीच त्याच्या हातात होती. घाव एकच आणि सरळ. कंपाउंडरच्या हातात चहाचा कपसुद्धा सरळ राहत नाही."

"आणि दाराची मूठ," धाकटे शांतपणे म्हणाले.

"ती काल तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा रंगवलीत."

सुरीचं टोक आता मनगटाच्या धडधडत्या शिरेवर होतं. फौजदारांना डाव्या हातानं काही करता येण्यासारखं नव्हतं. खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या.

"काल पहाटे मी तुमच्याच ऑपरेशनची हत्यारं मांडायला आलो होतो," धाकटे म्हणाले. "हात धुतले. ट्रेमध्ये सुरी बुडवत होतो. थोरले आले. आपणहून सांगितलं त्यांनी, मुलीची पट्टी सोडून बोट घातल्याचं. हसत सांगितलं. म्हणाले, आज ताप येईल, उद्या पू येईल, तेव्हा तुमचं धोबीकाम संपेल. मला कळलं, मुलगी मेली. अजून श्वास घेत होती, पण मेली. आणि त्याच हातानं ते तुमचा हात कापणार होते. त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. पळत वॉर्डात गेलो एवढं आठवतं. जखम उघडून धुतली. उशीर झाला होता."

"पण तुम्ही कंपाउंडरला कोठडीत जाऊ दिलंत."

आता मात्र धाकट्यांचा हात थांबला. "हो," ते म्हणाले. "दिलं. वाटलं, मी बाहेर राहिलो तर पुष्कळ हातपाय वाचतील. हिशोब मांडला मी. तुम्हीही मांडलात, नाही का?"

फौजदारांनी नजर चुकवली नाही. "मांडला. काल रात्रभर पुन्हा मांडून बघितला. पट्ट्या संपेपर्यंत गप्प बसावं, असंही मनात आलं."

"मग बसा की. हात जाईल तुमचा, फौजदार. इथं दुसरं कोणी ही पट्टी बांधू शकत नाही."

"हात माझा आहे. मान त्याची आहे."

मग धाकट्यांनी उरलेली पट्टी कापली, जखम धुतली, नवी पट्टी बांधली, अगदी नेहमीच्या पद्धतीनं, गाठ नीट बसवून. सुरी ट्रेमध्ये टाकली आणि दोन्ही मनगटं पुढं केली.

८

कंपाउंडर सुटला. पण इस्पितळाच्या कारभाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. 'खुन्याचं विष' म्हणून कार्बोलिकच्या सगळ्या बाटल्या गटारात ओतल्या गेल्या आणि थोरल्यांचे शिष्य पुन्हा कोट कडक करायच्या मागे लागले. सिस्टर घरी येऊन साध्या पाण्यानं जखम धुवायच्या, पण तेवढ्यानं भागेना. करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं. वास यायला लागला. थोरल्यांच्या एका शिष्यानं बघून सांगितलं, "कोपराखाली उडवू."

फौजदार उठले आणि चौकीवर गेले.

कोठडीत धाकटे डॉक्टर भिंतीला टेकून बसले होते. खटल्याची तारीख पडली होती आणि निकाल काय लागणार हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. त्यांनी गजांतून हात बघितला. वास घेतला. तळवा दाबला.

"तळवा चांगला आहे. दोन बोटं गेली. आज काढली तर बाकी हात राहील."

"मग काढा."

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

हवालदार मध्ये पडला. "साहेब, याच्या हातात सुरी? अहो, यानं एकाचा गळा..."

"तू दार उघड," फौजदार म्हणाले, "आणि बाहेर जाऊन उभा राहा."

सिस्टरनी पदराखालून कार्बोलिकची एक बाटली काढली. ओतायची राहून गेलेली ती त्यांना त्याच सकाळी अडगळीत सापडली होती. चौकीतलं टेबल खिडकीशी ओढलं गेलं. बेड्या निघाल्या. आता भूल देणारा हवा होता. फौजदारांनी निरोप पाठवला होता, पण कोणत्या तोंडानं आग्रह करणार? तेवढ्यात दारात कंपाउंडर येऊन उभा राहिला. ओठावर टाके, डोळ्याखाली हिरवट सूज, हातात क्लोरोफॉर्मची शीशी.

टेबलाच्या डोक्याशी येऊन त्यानं रुमालाची घडी केली. त्याचे हात नेहमीसारखेच कापत होते.

फौजदार आडवे झाले. डोक्याशी त्यांनी दात पाडू दिलेला माणूस होता, हाताशी त्यांनी फासाच्या वाटेला लावलेला. दोघांपैकी एकानं जरा हात ढिला सोडला असता, तरी पंचनाम्यात 'ऑपरेशन अंगाशी आलं' एवढंच लिहिलं गेलं असतं.

खिडकीशी धाकटे डॉक्टर हात धूत होते. ब्रशचा खसखस आवाज येत होता. ते घाई करत नव्हते.

"तुला माझा राग असेल," फौजदार कंपाउंडरला म्हणाले.

"आहे," कंपाउंडर म्हणाला आणि रुमाल त्यांच्या नाकावर धरला. "मोठा श्वास घ्या."

फौजदारांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला.